यतीच्या टाळूवरचं लोणी : खुमजुंग, पांगबोचे आणि मधली ती चढण

आधी पैशांचं सांगतो, कारण पोटात अजून तेच जळतंय. यतीची, म्हणजे हिममानवाची, म्हणून जपलेली टाळू (डोक्यावरचं केसाळ कातडं) बघायला काठमांडूतल्या ज्या एजन्सीमार्फत आम्ही तिघे खुंबूत, नेपाळातल्या एव्हरेस्टकडच्या शेर्पांच्या मुलखात, गेलो, तिच्या पावतीत एक ओळ होती: ‘यती अवशेष दर्शन परवाना, माणशी २,५०० नेपाळी रुपये’. तिघांचे साडेसात हजार. असा कुठलाही परवाना नसतो. खुंबूत भारतीयाला पावत्या लागतात त्या दोनच. एक सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाची; सार्क देशांसाठी १,५०० आणि वर १३ टक्के व्हॅट, म्हणजे १,६९५ नेपाळी रुपये. दुसरी तिथल्या गाउँपालिकेची (ग्रामीण पालिकेची). उद्यानाची मोंजोच्या नाक्यावर मिळते, गाउँपालिकेची लुक्लात. गोंप्यात (बौद्ध मठात) टाळू बघायला पेटीत दक्षिणा टाकायची, बस. आमच्याकडून अडीचशे घेतले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात हे लहानपणापासून ऐकत आलोय. यतीच्या टाळूवरचंही कुणी सोडत नाही, हे खुमजुंगच्या गोंप्यात उभं राहिल्यावर कळलं.

सह्याद्रीत नियमित चालणाऱ्यांसाठी लिहितोय. बूट कसले घ्यावेत, पाठपिशवी कशी भरावी, हे विचारू नका. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधारवर विसंबू नका. गर्दीच्या हंगामात लुक्लाची विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून सुटतात, म्हणजे रात्री दीडला उठून चार-पाच तास जीपमध्ये आदळत जायचं. हेही आम्हाला आदल्या संध्याकाळी सांगितलं. लुक्ला ते नामचे दोन दिवस छान गेले, त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आम्ही बेस कॅम्पला गेलोच नाही. जायचं नव्हतंच. मला यतीच्या मागे जायचं होतं. शेर्पा लोक त्याला नेमकं काय मानतात, हे त्यांच्याच गोंप्यात उभं राहून बघायचं होतं. मेव्हणा म्हणाला, “भावोजी, एवढा खर्च करून माकडाची टोपी बघायला?” तरी आला.

पहिली फसगत नावातच आहे. ‘हिममानव’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फात उभा पांढरा राक्षस येतो. हे चित्र साहेबानं दिलेलं. १९२१ च्या एव्हरेस्ट पाहणी मोहिमेत हॉवर्ड-बरी यांना ल्हाक्पा खिंडीवर पावलांचे ठसे दिसले. त्यांना स्वतःला ते लांडग्याचे वाटत होते. हमालांनी सांगितलेल्या नावाचा एका पत्रकारानं ‘किळसवाणा हिममानव’ असा भलता अनुवाद केला आणि तोच जगभर गेला. शेर्पांचा ‘येते’ हा खडकाळ जागेतला प्राणी. त्यांच्या गोष्टींत तो राहतो जंगलात, झाडोऱ्यात. बर्फ तो फक्त ओलांडतो. त्यातही जाती आहेत. ‘झुते’ मोठा, गुरं मारणारा. हा बहुधा तपकिरी अस्वल असावा. ‘मिते’ माणसाच्या जवळचा, आणि खरी भीती त्याची. त्याला पाहणं अशुभ. दिसला तर घरी येऊन पूजा घालायची. काही जण त्याची पावलं उलटी असतात म्हणतात, आपल्या हडळीसारखी. तो मागे लागला तर उताराला पळायचं, म्हणजे केस डोळ्यांवर येऊन त्याला दिसेनासं होतं. ३,८०० मीटरवर कुठल्याही दिशेला पळून दाखवा, मग बोलू.

नामचेहून खुमजुंगला निघालो तो दिवस विरळ हवेची सवय होण्यासाठी राखून ठेवलेला. स्यांगबोचेच्या धावपट्टीवरून गाव दिसतं: हिरवी छपरं, दगडी बांधांची वावरं आणि डोक्यावर खुंबी युल्हा, ५,७६१ मीटर. तो खुंबूचा रक्षक देव. त्याच्यावर चढायला बंदी आहे आणि ती पाळली जाते. एजन्सीच्या कागदावर ‘गोंपा सकाळपासून खुला’ असं होतं. आम्ही नऊला पोहोचलो तर दाराला कुलूप. अकरापर्यंत बाहेर बसलो. शेवटी आमचा गाईड (सोलूकडचा शेर्पा, वयानं माझ्या मुलापेक्षा थोडाच मोठा) घरोघर विचारत फिरला. किल्लीवाले आजोबा घरामागे याकच्या शेणाच्या गोवऱ्या वाळत घालत होते. बोलावलं असतं तर लगेच आले असते, म्हणाले. तेव्हा गोंप्यासमोर ताटकळत बसू नका. पहिल्या घरात विचारा, गावात सगळ्यांना ठाऊक असतं किल्ली कुणाकडे आहे.

टाळू काचेआड आहे, कुलपात. नारळाची करवंटी उभी निमुळती करून पालथी घातली तर कशी दिसेल, तशी. रंग लालसर तपकिरी. पुढून मागे एक कंगोरा जातो आणि त्यावर केस ताठ उभे, अगदी शेंडीसारखे. बाजूचे केस पुष्कळ झडलेत, खालचं कातडं चामड्याच्या जुन्या चपलेसारखं काळपट पडलंय. मेव्हणा काचेला नाक लावून दहा मिनिटं गप्प होता. त्याच्या बाबतीत हाच चमत्कार.

१९६० मध्ये एडमंड हिलरी ही टाळू तपासायला घेऊन गेले. गाव ती सोडायला तयार नव्हतं, म्हणून गावचे खुमजो चुंबी सोबत गेले: शिकागो, पॅरिस, लंडन. तज्ज्ञ म्हणाले, सेरो नावाच्या जंगली बकऱ्यासारख्या प्राण्याचं कातडं साच्यावर ताणून केलेलं आहे. टाळू परत आली, आणि १९६१ मध्ये हिलरींनी खुमजुंगला शाळा बांधून दिली. ती आजही भरते. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने जनुकीय चाचणीत तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. हे सगळं मी आजोबांना गाईडमार्फत सांगितलं, जरा शहाणपणा दाखवत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पेटीत पैसे टाकलेत का?

आता ती चढण. लेख खरं तर हिच्यासाठी लिहायला घेतला.

कागदावर लिहिलं होतं: ‘खुमजुंग ते तेंगबोचे, ३ तास, सोपी चाल’. ज्यानं हे लिहिलं तो एकदाही चालत गेलेला नाही, हे मी स्टँप पेपरवर लिहून देतो. खुमजुंग ३,७९० मीटरवर. तिथून सानासावरून फुंकी थेंगाला उतरायचं, तो दूधकोशीचा पूल साधारण ३,२५० वर. म्हणजे घाम गाळून कमावलेली साडेपाचशे मीटर उंची तासा-दीड तासात नदीला वाहून टाकायची. आणि पुलापलीकडून ३,८६० च्या तेंगबोचेला सरळ सहाशे मीटर चढ. सपाटी नाही, पाणी नाही, वळणामागे वळण. धूळ इतकी की थुंकी तपकिरी येते. त्यात याक आणि झोप्क्यांचे (याक-गायीच्या संकराचे) तांडे. एक लक्षात ठेवा, तांडा आला की डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. माझा मित्र दरीकडे उभा राहिला आणि एका झोप्क्याच्या पाठीवरच्या गॅस सिलिंडरनं त्याला ढुशी दिली. मी मागून त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरला म्हणून तो आज आहे. त्यानंतर अर्धा तास आम्ही कुणीच बोललो नाही.

किल्लीच्या घोळामुळे आम्ही पुलावर पोहोचलो दुपारी दोनला. ढग खाली आलेले, समोरून वारा. फुंकी थेंगाला पाण्यावर फिरणारी प्रार्थनाचक्रं आहेत. लोक तिथे फोटो काढतात, मी बूट काढून बोटं मोजली. तिथेच पाण्याच्या सगळ्या बाटल्या भरा. आम्ही भरल्या नाहीत, वर चहा मिळेल असं म्हणालो. वर पोहोचायला पाच वाजून गेले. खुमजुंगलाच मुक्काम करून सकाळी सातच्या आत निघणाऱ्याला ही चढण कदाचित ठीक वाटेल. दुपारी एकनंतर पुलावर असाल तर खालीच राहा. ‘तीन तास’ म्हणणाऱ्याला माझा गुडघा दाखवा.

वर मणि रिम्दूची गर्दी. हा मुखवट्यांच्या नाचांचा उत्सव तिबेटी पंचांगाप्रमाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि तेव्हा तेंगबोचेत खोली मिळत नाही. हे कागदावर नव्हतं. मठ १९३४ च्या भूकंपात पडला, १९८९ मध्ये जळला, दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला. मी त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. खोलीसाठी अंधारात देबोचेला उतरावं लागलं.

पण ती अर्धा तासाची उतरण मी विकत घेऊनही पुन्हा करेन. दोन्हीकडे गुरांसाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) जुनी झाडं, फांद्यांवरून दाढ्यांसारखं लोंबणारं शेवाळ, टॉर्चच्या उजेडात सगळं राखाडी. आणि डावीकडून, वरच्या अंगानं, एक लांब बारीक शिट्टी आली. यती शिट्टी घालतो म्हणतात. मेव्हण्यानं हसून उलट शिट्टी घालायला तोंडाजवळ बोटं नेली, तर गाईडनं त्याचा हात धरला. “दाइ (दादा), उत्तर नाही द्यायचं.” तो विनोद करत नव्हता. आपल्याकडे रात्री कुणी नावानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देत नाहीत, तेच हे. मिनिटभर उभे राहिलो. मग झाडीतून घंटा वाजली, दोन झोप्के आणि त्यांच्यामागे शीळ घालत एक पोरगा खाली आला. आम्ही तिघे मोठ्यानं हसलो. गाईड हसला नाही, नुसता चालू लागला.

त्या रात्री चुलीपाशी त्यानं गोष्ट सांगितली. शेर्पांची जुनी गोष्ट आहे, पुष्कळांना ठाऊक असलेली. यती फार झाले, पीक-गुरं उरेनात. तेव्हा गावकऱ्यांनी डोंगरावर छांगचे (धान्याच्या घरगुती दारूचे) घडे नेले, प्याल्याचं सोंग केलं आणि लाकडी तलवारींनी एकमेकांशी लुटुपुटीचं भांडले. जाताना भरलेले घडे आणि खऱ्या खुकऱ्या तिथेच ठेवल्या. यती आडून बघत होते. रात्री उतरले, छांग प्याले, नक्कल केली आणि एकमेकांना कापून काढलं. एक गाभण मादी तेवढी वाचली, म्हणून अजून यती आहेत. यती कशाचं प्रतीक, यावर ज्ञान पाजळणारे पुष्कळ भेटतील. मला या गोष्टीनं जास्त विचारात पाडलं. बौद्ध गाव, जीवहत्या पाप. म्हणून हात न लावता मारलं, आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या ते सांगत राहिले. स्वतःच्या बाजूचा लबाडपणा गोष्टीत लपवलेला नाही.

पांगबोचेला जाताना चुकू नका. बहुतेक जण खालच्या पांगबोचेतून थेट पुढे निघून जातात आणि गोंपा राहतो. देबोचेनंतर नदीवरचा पूल ओलांडून चढ लागला की डावीकडे वर जाणारा फाटा धरा, तो वरच्या पांगबोचेला नेतो. आमचा गाईड बरोबर होता म्हणून साधलं.

इथली कथा अशी: लामा सांगवा दोर्जे जवळच्या गुहेत ध्यानाला बसत. एक यती त्यांना पाणी, सरपण, अन्न आणून द्यायचा. शिष्यच म्हणायचा. तो मेल्यावर लामांनी त्याची टाळू आणि हात गोंप्यात जपले. आपल्या नाथांच्या घरी श्रीखंड्यानं कावडी वाहिल्या, पण तो देव होता. इथे वाहतंय जनावर, ज्याला पाहिलं तरी अपशकुन. तेच एका माणसासाठी पाण्याला जातं.

त्या हाताचं पुढे जे झालं ते लाजिरवाणं आहे. १९५९ मध्ये पीटर बर्न या शोधकानं एक बोट काढून त्या जागी माणसाचं बोट बसवलं. ते जेम्स स्टुअर्ट या हॉलिवूडच्या नटाच्या सामानातून लंडनला गेलं. २०११ मध्ये एडिंबराला चाचणी झाली, तर तेही माणसाचंच निघालं. उरलेला हात आणि टाळू १९९० च्या दशकात चोरीला गेली. आता दिसतात त्या न्यूझीलंडमध्ये बनवलेल्या प्रतिकृती, तिथल्या एका वैमानिकानं २०११ मध्ये आणून दिलेल्या. हे आधी माहीत असू द्या, नाहीतर आमच्या मित्रासारखे तोंड पाडून बाहेर पडाल.

आम्ही पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. गोंप्यातले काका वेदीवरच्या सात पितळी वाट्या भरत होते. किटलीची धार बारीक, एक थेंब बाहेर नाही, दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढं अंतर. सातही भरेपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. मग किटली खाली ठेवली, हात पुसले आणि यतीची पेटी उघडली.

नामचेच्या वर एटीएम नाही, हे ध्यानात ठेवून पैसे काढा. आणि शंभर-पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवा. गोंप्यात हजाराची नोट कुणी मोडून देत नाही, आमची तशीच पेटीत गेली.