एका घोड्याची सवलत

ऑस्ट्रेलियाचा ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डन याने २०२० मध्ये ‘कोमोडो’ या बुद्धिबळाच्या इंजिनाविरुद्ध (म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीविरुद्ध) सहा जलद डावांचा सामना ५-१ असा जिंकला. प्रत्येक डावात कोमोडो एक घोडा कमी घेऊन खेळायला बसत होते. एवढी सवलत मिळाल्यावर ग्रँडमास्टर जिंकला यात नवल ते काय, असे कोणालाही वाटेल; पण मला या निकालापेक्षा तो ज्या रीतीने मिळवला गेला ती अधिक मोलाची वाटते. स्मर्डन हा मुळात धाडसी सुरुवातींसाठी आणि प्यादी उधळून केलेल्या हल्ल्यांसाठी ओळखला जाणारा खेळाडू. या सामन्यात त्याने आपला हा स्वभाव पूर्णपणे बाजूला ठेवला. गुंतागुंत टाळायची, संधी मिळेल तिथे मोहऱ्यांची मारामारी करायची, पट रिकामा करत न्यायचा आणि जादा घोडा अखेरच्या टप्प्यापर्यंत सुखरूप पोहोचवायचा, एवढेच त्याने ठरवले आणि ते निष्ठेने पाळले.

मानव आणि संगणक यांच्यातील बरोबरीचा सामना आता इतिहासजमा झाला आहे. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला ‘डीप ब्लू’ या संगणकाकडून तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह ३½-२½ असा हरला, तेव्हा फरक एका गुणाचा होता. २००५ मध्ये लंडनला ‘हायड्रा’ या संगणकाने इंग्लंडचा ग्रँडमास्टर मायकल अ‍ॅडम्सला ५½-½ असे नमवले. त्याच्या पुढच्याच वर्षी जगज्जेता क्रॅमनिक बॉन येथे ‘डीप फ्रिट्झ’कडून ४-२ असा पराभूत झाला, आणि त्यातल्या एका डावात तर एका खेळीत होणारी मात त्याच्या नजरेतून निसटली. त्यानंतर समान मोहऱ्यांनी खेळून काय सिद्ध होणार, हा प्रश्नच उरला नाही.

मग जुनी प्रथा पुन्हा पुढे आली. एकोणिसाव्या शतकात बलवान खेळाडूने प्यादे, घोडा किंवा हत्ती काढून ठेवून खेळणे ही युरोप-अमेरिकेतल्या क्लबांमधली रोजची गोष्ट होती. युरोप गाजवून आलेल्या पॉल मॉर्फी या अमेरिकन खेळाडूने तर समोरच्याला एक प्यादे आणि पहिली खेळी देऊन खेळण्याची तयारी जाहीर केली होती. आपल्याकडेही घरातली मोठी माणसे लहानांशी ‘वजीर काढून’ खेळतात, तेव्हा त्यामागचा हेतू हाच असतो की डाव दोघांनाही खेळण्याजोगा व्हावा.

इंजिनांच्या बाबतीत ही प्रथा पद्धतशीरपणे रुजवण्याचे बरेचसे श्रेय लॅरी कॉफमन या अमेरिकन ग्रँडमास्टरला द्यावे लागेल. मोहऱ्यांच्या सापेक्ष किमतींचा त्याने सखोल अभ्यास केला होता, आणि ‘रिब्का’ व नंतर ‘कोमोडो’ या दोन्ही इंजिनांच्या जडणघडणीत त्याचा वाटा होता. २००७ मध्ये रिब्काने मूळच्या एस्टोनियाच्या यान एल्व्हेस्ट या ग्रँडमास्टरला प्रत्येक डावात एक प्यादे देऊनही आठ डावांचा सामना ५½-२½ असा जिंकला. प्यादे फुकट मिळूनही ग्रँडमास्टर हरतो, हे पचवणे त्या काळी अनेकांना जड गेले असणार. पुढच्या वर्षी ग्रँडमास्टर वादिम मिलोव्हने रिब्काविरुद्ध वेगवेगळ्या सवलतींच्या डावांत निसटता विजय मिळवला, म्हणजे तराजू अजून पूर्ण कलला नव्हता.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त शिकवून गेलेला सामना जानेवारी २०१६ मधला, अमेरिकन ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा विरुद्ध कोमोडो हा होय. चार डाव, आणि प्रत्येक डावात निराळी सवलत. एका डावात कोमोडो काळ्या मोहऱ्यांनी, पण एफ७ या घरातले, म्हणजे राजाशेजारच्या उंटापुढचे, प्यादे काढून खेळले. वरवर पाहता हे एकच प्यादे आहे, पण डावाच्या सुरुवातीला त्याला फक्त राजाचाच आधार असतो आणि ते गेले की एच५ ते ई८ हा कर्ण उघडा पडतो, वजिराच्या शहाची धास्ती पहिल्या खेळीपासून लागते आणि त्या बाजूला किल्लेकोट केला तरी राजासमोरची तटबंदी अपुरी राहते. कडेचे प्यादे देणे आणि हे प्यादे देणे यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही नाकामुराला तो डाव जिंकता आला नाही. पहिले तीनही डाव बरोबरीत सुटले. चौथ्यात नाकामुराला कोणतेही मोहरे नव्हे, तर सुरुवातीच्या चार खेळ्या बहाल केल्या होत्या, आणि नेमका तोच डाव तो हरला. कोमोडोने सामना २½-१½ असा जिंकला. चार खेळ्यांची आघाडी डोळ्यांत भरते, पण ती जपून ठेवता येत नाही. काही खेळ्यांत तिचे ठोस लाभात रूपांतर झाले नाही तर ती विरून जाते. जादा मोहरे मात्र शेवटपर्यंत पटावर राहते.

सवलतीच्या डावांत इंजिनापुढे जी अडचण उभी राहते, तिचा विचार मला फार दिवस खिळवून ठेवत आला आहे. सामान्य इंजिन असे गृहीत धरते की समोरचाही आपल्याइतकाच अचूक खेळेल. घोडा नसताना या गृहीतकाचा अर्थ असा होतो की प्रत्येक खेळी हरणारीच आहे, आणि मग आकड्यांत सर्वांत कमी नुकसान दाखवणारी खेळी ते निवडते. ही खेळी पुष्कळदा मोहऱ्यांची साधी अदलाबदल असते, आणि ग्रँडमास्टरला नेमके तेच हवे असते. मॉर्फीसारखा माणूस असे कधीच खेळला नसता. समोरचा चुकू शकतो हे ठाऊक असल्यामुळे त्याने पट भरलेला ठेवला असता आणि प्रतिस्पर्ध्यापुढे एकामागून एक कठीण प्रश्न टाकले असते. प्रतिस्पर्ध्याला आपल्याहून कमी लेखण्याची सोय कोमोडोमध्ये होती, पण ती वरून जोडलेली होती.

‘लीला’ या न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे डावांच्या सरावातून स्वतः शिकणाऱ्या प्रणालीवर, चालणाऱ्या इंजिनाच्या खास सवलतीच्या आवृत्त्यांनी हे चित्र पालटले. घोडा नसलेल्या स्थितीपासून सुरू होणाऱ्या असंख्य डावांवर त्यांची तालीम झालेली आहे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर घोडा काढून खेळणारी लीला आज कोणालाही उपलब्ध आहे आणि ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, तिने भल्या भल्या किताबधारकांना पाणी पाजले आहे. तिचे डाव मी आवडीने पाहतो. ती मारामारी टाळते, मधली प्यादी एकमेकांत अडकवून ठेवते, जादा घोड्याला मोकळी जागाच मिळू देत नाही आणि घड्याळ कमी होत गेले की मग एका बाजूने दार उघडते. हे पाहताना यंत्र माणसाच्या मर्यादा ओळखून खेळत आहे असे जाणवते, आणि याआधीच्या कोणत्याही इंजिनाबद्दल मला असे वाटले नव्हते.

तरीही ब्लिट्झवरून अंतिम निष्कर्ष काढू नये असे माझे ठाम मत आहे. स्मर्डनने वापरलेली रीत वेळ मागते. प्रत्येक मारामारीपूर्वी तिच्या पोटात काही डावपेच दडलेला नाही ना, याची खातरजमा करावी लागते, आणि तीन-चार मिनिटांच्या डावात ते शक्य नसते. पहिल्या दहांतील एखादा खेळाडू लीलाशी घोड्याच्या सवलतीत, पण पारंपरिक कसोटीच्या प्रदीर्घ वेळेत दहा-बारा डाव खेळेल, असा सामना कोणीतरी भरवायला हवा. माझा कौल आजही माणसाच्या बाजूने आहे, मात्र त्याने पहिल्या डावापासून स्मर्डनसारखे संयमाने खेळायला हवे.