खिडकीचं तोंड पूर्वेला

इतवारी–नागभीड छोटी लाइन २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. पुढच्या हिवाळ्यात तिच्यावरच्या एका लहानशा स्टेशनाची मापं घ्यायला मी नागपूरहून गेले होते. १९०८ मध्ये सुरू झालेली ही लाइन ब्रॉडगेज होणार होती, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटरवरून १६७६ वर जाणार होतं. जुनी इमारत त्या वाटेत येत होती. पाडण्याआधी ती कागदावर उतरवायची, एवढंच माझं काम.

भिंती, दारं, कौलांचा उतार दुपारपर्यंत झालं. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारे आले.

"काय मोजून राहिली पोरी?"

सांगितलं. ते पूर्वी इथेच पॉइंट्समन होते, गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे. माझ्या कागदाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि तिकीट खिडकीशेजारच्या लोखंडी आकड्यावर काठी ठेवली. "हे काहून सोडलं? कंदील इथंच टांगत होतो आम्ही."

मी आकड्याची उंची घेतली. मग त्यांनी खिडकीचा दगड दाखवला. पैसे सरकवून सरकवून मधोमध खोलगट झालेला. त्यात पट्टी उभी धरली तर आठ मिलिमीटर भरले. कामाच्या इतक्या वर्षांत मी झिजेचं माप कधी घेतलं नव्हतं, आणि हा कागद मला त्या दिवशी पहिल्यांदा खरा वाटला.

"कागद ठेवून काय होते, बाई?"

तेव्हा मी त्यांना वेल्समधल्या वेल्शपूलची गोष्ट सांगितली. तिथल्या छोट्या लाइनचं गेजही आपल्याच मापाचं, अडीच फूट. १९०३ मध्ये सुरू झालेली ती गाडी १९५६ मध्ये बंद पडली. हौशी माणसांनी १९६३ पासून ती पुन्हा चालवायला घेतली. गावातून जाणारे रूळ मात्र गेले होते, म्हणून १९८१ मध्ये गावाच्या कडेला रेव्हन स्क्वेअर हे नवं टर्मिनस झालं. तिथली इमारत मूळची तिथली नाहीच. दुसऱ्याच एका बंद लाइनवरचं अर्डिस्ली नावाचं खेड्यातलं स्टेशन आणून ती पुन्हा उभारली. ज्या स्टेशनाला गाडी उरली नव्हती, त्याला दुसरी गाडी मिळाली.

आपल्याकडे नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून छोट्या गाडीचं संग्रहालय आहे. इंजिनं, डबे जपलेत, याचं मला फार मोल वाटतं. पण तिकीट काढताना हात टेकायचा तो दगडही राहायला हवा, असं मनापासून वाटतं.

बाबाजी ऐकून गप्प बसले. मी टेप गुंडाळत होते.

"कुठंही उभी करा," ते म्हणाले, "पण खिडकीचं तोंड पूर्वेला ठेवा. सकाळच्या गाडीला ऊन आत येत होतं. सुटे पैसे दिसत होते."

इमारत पाडायचीच आहे म्हणून मी नकाशावर दिशाच दाखवली नव्हती. कागद पुन्हा उलगडला आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला.