माइट्स लागलेले तीन साप आणि आमचं खालचं बाथरूम

सापाला माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक परजीवी किडे, झाले की इलाज सापापेक्षा खोलीचा जास्त करावा लागतो, हे मला डलासला आल्यावर कळलं. मी सांगलीची. तिथे घरात साप निघाला की सर्पमित्राला फोन करायचा आणि तो साप घेऊन गेला की सुटकेचा श्वास टाकायचा, एवढाच आमचा सापांशी संबंध. आपल्याकडचे साप घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. इथे टेक्सासात मात्र बॉल पायथनला परवानाही लागत नाही. हा पश्चिम आफ्रिकेतला लहानसा, शांत अजगर दुकानात मिळतो, आणि सहज मिळतो म्हणून सहज टाकूनही दिला जातो.

अशा टाकलेल्या प्राण्यांना तात्पुरतं घर देणाऱ्या एका गटात मी काम करते. एक भाडेकरू फ्लॅट सोडून गेला आणि मागे तीन काचेच्या टाक्या ठेवून गेला: दोन बॉल पायथन आणि एक कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला बिनविषारी साप. फोनवर मला आधीच सांगितलं होतं, "माइट्स आहेत, भरपूर आहेत." वरच्या मजल्यावर माझा स्वतःचा कॉर्न स्नेक आहे, बुंदी. त्यामुळे पहिला प्रश्न होता, ठेवायचं कुठे? ऑगस्टमधलं आमचं गराज म्हणजे भट्टीच, तिथे साप जगणार नाहीत. शेवटी खालचं पाहुण्यांचं बाथरूम ठरलं. गालिचा नाही, पांढऱ्या फरशा, दार घट्ट लागतं आणि पाणी हाताशी. नवऱ्याने दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली आणि एवढंच विचारलं, "आई-बाबा दिवाळीला येतील तेव्हा?" मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

साप उशांच्या अभ्र्यांत घालून, ते अभ्रे झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवून आणले. त्यांच्या टाकीतली लाकडी ढोली, झाडाची साल, खाली पसरलेला भुसा यातलं काहीही घरात घेतलं नाही. दुहेरी पिशवीत बांधून सगळं थेट कचऱ्यात. अभ्रे आणि माझ्या अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुतले, मग ड्रायर पूर्ण तापमानावर. ऐकायला अतिरेकी वाटतं, पण कारण सरळ आहे. माइट रक्त प्यायला सापावर येतो, अंडी मात्र सापावर घालत नाही. मादी साप सोडून एखादी काळोखी, दमट फट शोधते. आयुष्यात साठ ते ऐंशी अंडी घालते, आणि उबदार खोलीत अंड्यापासून पुन्हा अंडी घालण्यापर्यंतचं चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. साप कितीही स्वच्छ केला तरी ढोलीच्या भेगेत पुढची पिढी तयारच असते.

त्यातली मोठी मादी पायथन आली तेव्हापासून पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसलेली, फक्त नाकपुड्या बाहेर. माइट्स असलेला साप असं करतो, अंगाची आग थोडी कमी होत असावी. तिला उचलून मी पांढऱ्या पेपर टॉवेलवर ठेवलं आणि ओल्या बोळ्याने हनुवटीखालची घडी हळूच उघडली. आत मिरपुडीचे दाणे शिंपडल्यासारखे दिसले, आणि मग ते दाणे चालायला लागले. डोळ्याभोवतीच्या कडेत, ओठांवरच्या उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांत, खवल्यांच्या खाली, सगळीकडे. खवल्यांवर पांढरी बारीक धूळ होती, ती त्यांची विष्ठा. बोळा कागदावर दाबला तर तांबूस डाग उठला. ते तिचंच रक्त. भांड्यातल्या पाण्याच्या तळाशी काळा थर होता.

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मादीच्या तोंडाच्या आतला भाग फिकट होता, म्हणजे रक्त कमी झालेलं. त्यांनी आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध टाळलं. काही सापांना ते झेपत नाही. शिवाय घरात कासव असेल तर ती बाटली घरातसुद्धा नको, कासवांचा त्याने जीव जातो. त्याऐवजी सापांच्या पिंजऱ्यासाठी मिळणारा परमेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे वापरायचं ठरलं. पण परमेथ्रिन मांजरांना घातक, आणि आमच्याकडे मांजर आहे. म्हणून फवारणी दार बंद करून, पंखा चालू ठेवून, आणि मांजर त्या वेळी वरच्या मजल्यावर कोंडलेलं. मांजरीने या सगळ्याचा निषेध माझ्या उशीवर बसून नोंदवला.

फवारणीची पद्धत अशी. साप आणि पाण्याचं भांडं आधी बाहेर. रिकाम्या डब्यावर आणि तळाच्या कागदावर फवारायचं, पूर्ण वाळू द्यायचं, वास जाऊ द्यायचा, मगच साप आत. पाण्याचं भांडं पुढचा एक दिवस ठेवायचं नाही, कारण पाण्यात उतरलेलं औषध सापाच्या पोटात जातं. अंड्यांवर औषधाचा भरवसा नाही, म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या अंतराने पुन्हा फवारायचं. एका फवारणीनंतर "गेले वाटतं" म्हणून थांबलात तर महिन्याभरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सोबत कोमट, उथळ पाण्यात अंघोळ. अंगावरचे बरेच माइट्स त्यात बुडतात, उरलेले डोक्याकडे चढतात. त्यामुळे नुसत्या अंघोळीवर विसंबणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

जुन्या काचेच्या टाक्या बाद केल्या. त्यांच्या जागी झाकणाचे गुळगुळीत प्लास्टिकचे डबे, तळाला पेपर टॉवेल, लपायला पुठ्ठ्याचं खोकं, एका बाजूला थर्मोस्टॅटवर चालणारी हीट मॅट. खोकं प्रत्येक सफाईला फेकायचं. प्रत्येक डबा साबणाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये उभा, म्हणजे चालत निघालेला माइट तिथेच अडकतो. हे दिसायला अगदी दरिद्री दिसतं, पण पांढऱ्या कागदावर एकच काळा ठिपका असला तरी लगेच डोळ्यात भरतो, आणि क्वारंटाईनमध्ये तेच हवं असतं.

नागपंचमी याच काळात आली. खोक्याला दार पाडत असताना आईचा व्हिडिओ कॉल. "अगं, आज चिरायचं-कापायचं नसतं! आणि तेही सापाच्या घरासाठी?" मग मी ते दार हाताने फाडलं. आई म्हणाली, "आणि औषध?" औषध आदल्या दिवशीच मारलं होतं, म्हणून बचावले.

रोजच्या कामाचा क्रम एकच: आधी वर बुंदी, मग खाली हे तिघे. उलट कधीच नाही. खालचे चिमटे, हातमोजे, फडकी वेगळी, सगळ्यांवर लाल टेप. खालून बाहेर पडलं की कपडे थेट मशीनमध्ये आणि मी अंघोळीला. खाणं सुरुवातीला दिलंच नाही. आधी त्यांना स्थिरावू दिलं, वजनं लिहीत राहिले. बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, वजन टिकून असलं तर घाबरायचं कारण नसतं. कॉर्न स्नेकने मात्र गोठवून वितळवलेला उंदीर पहिल्या वेळीच घेतला.

माइट्स गेले. पण क्वारंटाईन त्यांच्यासाठी नसतंच मुळी, ते असतं न दिसणाऱ्या गोष्टींसाठी. अजगर आणि त्यांच्यासारख्याच बोआ सापांमधला इन्क्लुजन बॉडी डिसीज हा जीवघेणा आजार एरिनाव्हायरस या विषाणूशी जोडला गेला तो २०१२ साली, आणि तो सापातून सापात नेण्यात माइट्सचा हात असल्याचा संशय आहे. बॉल पायथनमध्ये श्वसनाचा आजार करणारा सर्पेंटोव्हायरस हा विषाणू २०१४ मध्ये नोंदला गेला. कॉर्न स्नेकमध्ये भीती क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या सूक्ष्म परजीवीची. खाल्लेलं उलटतं, पोटाच्या जागी फुगवटा येतो, आणि त्याला ब्लीचने काही होत नाही. म्हणून निदान तीन महिने वेगळं ठेवायचं, अजगरांना त्याहून जास्त, आणि घशातल्या बोळ्याची पीसीआर तपासणी करायची.

तिघांचे नमुने पाठवले. मादी आणि कॉर्न स्नेक निगेटिव्ह. लहान नर सर्पेंटोव्हायरसला पॉझिटिव्ह, आणि तो दिसायला तिघांत सगळ्यात ठणठणीत! ना शिंक, ना तोंडात फेस. गटातल्या एका स्वयंसेवकाकडे दुसरा एकही साप नाही, नर त्याच रात्री त्याच्याकडे गेला. उरलेल्या दोघांचा काळ मात्र त्या दिवसापासून नव्याने मोजायला घेतला. दिवाळी तशीच गेली. सासूबाईंनी वरचं बाथरूम वापरलं, आणि जाण्याआधी एकदा दारातून डोकावून विचारलं, "ती जेवली का ग?"

जेवली होती. पुढच्या तपासणीतही दोघे निगेटिव्ह आले. कॉर्न स्नेक एका कुटुंबाने नेला, मादीसाठी घर ठरलंय. नराला विषाणूसकट आयुष्यभर एकटंच राहावं लागणार आहे, म्हणून ज्यांच्याकडे दुसरा अजगर नाही आणि पुढेही आणायचा नाही, असं घर आम्ही अजून शोधतोय.