चार सेंटिमीटरचा घोळ

सिन्नरच्या गोंदेश्वर देवळाचा तलविन्यास, म्हणजे तळाचा आराखडा, कागदावर उतरवत होतो. पंचायतनातल्या (मधे मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं) मधल्या शिवमंदिराची बाह्यरेषा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जुळवायला घेतली, तर ती मिटेचना. उत्तरेकडून निघून गाभाऱ्याला पश्चिमेने वळसा घालत दक्षिणेला यावं, तर चार सेंटिमीटरची फट.

देवळाचं शिखर भूमिज शैलीचं आहे, म्हणून हे सोडून देता येईना. भिंतीच्या मधल्या भद्रावरून (पुढे आलेल्या भागावरून) लता, म्हणजे कोरीव उभा पट्टा, वर चढते, दोन लतांच्या मधे कूटांच्या (छोट्या शिखरांच्या) उभ्या रांगा, आणि प्रत्येक रांग खालच्या भिंतीच्या एकेका घडीवर उभी. तळाचा घोळ थेट आमलकापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या गोल खाचदार दगडापर्यंत, जातो.

टेप तपासली, ठीक होती. शून्य एकाच जागी धरून चढती मापं घेतली होती, म्हणजे बेरजेची चूक नाही. (सुटी मापं घेऊन बेरीज केली की वीस तुकड्यांत दोन-दोन मिलिमीटरचे चार सेंटिमीटर सहज होतात, पहिला संशय तोच होता.) मग वहीत दिसलं: ‘उंची, फरशीपासून ९० सेंमी’. घात तिथेच झाला होता.

जुन्या जोत्याची फरशी कधीच सपाट नसते. पाणी जायला उतार दिलेला असतो, वर काही दगड खचलेले. त्यामुळे एका टोकाला आमचे ९० सेंटिमीटर कुंभ या थराच्या पोटावर पडले, दुसऱ्या टोकाला त्याच्या खांद्यावर. वेदीबंधात, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी, खालून खुर, कुंभ, कलश आणि कपोत असे थर येतात. त्यात कुंभ गोलाईचा, बोटभर वर सरकलं की भिंत आत जाते.

सकाळी लेव्हल पाईप (पाणी भरून पातळी जुळवायची नळी) काढला. आत बुडबुडा राहिला की पातळी खोटी दाखवतो, म्हणून आधी पाणी वाहू देऊन हवा काढली. खुराची वरची कड हीच मापाची रेषा ठरवली; ती धारदार आहे, दोन माणसांची बोटं एकाच जागी टेकतात. केंद्रीय संरक्षित स्मारक, तेव्हा खडू नाही, खिळा नाही. वाळूच्या पिशव्यांनी दाबलेल्या लाकडी घोड्यांवर भिंतीला समांतर दोरी ताणली आणि गुण्या (काटकोन) लावून प्रत्येक कोपऱ्याचं दोरीपासूनचं अंतर घेतलं. वाऱ्याने ओळंबा डुलायचा, तो पाण्याच्या बादलीत सोडला की गप्प.

उत्तरेची बाजू मात्र चिवट. जानेवारीत तिथे ऊन येत नाही आणि काळ्या दगडात कडा हरवतात. समोरून बॅटरी मारली की सगळं सपाट दिसतं. भिंतीला चिकटून तिरपी धरली की थराथराची सावली पडते. मकरप्रणाल, म्हणजे गाभाऱ्यातलं पाणी बाहेर सोडणारी मगरमुखी पन्हळ, याच बाजूला, तिथे दोरी अडते. तेवढा भाग दोन तुकड्यांत घेतला.

दुपारी रेषा मिटली. सहा मिलिमीटर उरले, ते दोरीच्या झोळाचे. कागदावर रेघ ओढून लपवले नाहीत, समासात तसेच लिहून ठेवले.