किती पडले की पुरे?

चवथीच्या दिवसांत फोंड्याहून फोन येतात, त्यात हल्ली एक प्रश्न हमखास असतो: "ताई, सॅटमध्ये किती पडले की पुरे?" सॅट म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठी द्यायची परीक्षा. विचारणारी कधी मावसबहीण, कधी तिची शेजारीण. मी न्यू जर्सीत राहते, एवढ्यावर मला हे ठाऊक असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. मुलीचे अर्ज भरून झाल्यापासून थोडंफार ठाऊक झालंयही.

या प्रश्नामागे आपली मेरिट लिस्ट असते. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला शेवटचा प्रवेश कुठे बंद झाला ते कळलं की मूल आत की बाहेर हे समजतं. इथे तशी रेघच नाही. 1600 पैकी 1550 वाल्याला नकार येतो आणि त्याच कॉलेजात 1430 वाली जाते, कारण नववी ते बारावीचे गुण, निबंध, शिफारसपत्रं सगळं एकत्र वाचतात. म्हणून आधी कॉलेजांची यादी करायची, आकडा त्यातून निघतो.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधा. बरीच कॉलेजं हा तक्ता दरवर्षी जाहीर करतात. त्यातल्या सी-9 भागात प्रवेश घेतलेल्या मुलांचे दोन आकडे बघा: पंचविसावं पर्सेंटाइल आणि पंचाहत्तरावं. समजा ते 1340 आणि 1480 आहेत. म्हणजे अर्धी मुलं या पट्ट्यात, पाव वर, पाव खाली. खालच्या पाव भागात खेळाच्या जोरावर आलेलीही असतात. आपल्या मुलीने त्यांच्याशी बरोबरी मांडू नये. भारतातून अर्ज करणाऱ्याने नेम वरच्या आकड्यावर धरावा, असं माझं मत. शिष्यवृत्ती मागायची असेल तर नक्कीच, कारण परदेशी मुलाची पैशांची गरज न बघता अर्ज वाचणारी कॉलेजं मोजकीच.

मात्र त्याच भागात किती टक्के मुलांनी स्कोअर कळवला तेही दिलेलं असतं, ते बघायचं लोक विसरतात. 2020 नंतर कितीतरी कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली. ऐच्छिक म्हटल्यावर कमी पडलेले गप्प बसतात, आणि पट्टा फुगून दिसतो. तिथे 1480 बघून घाबरायचं कारण नाही. एमआयटीने मात्र 2022 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. तिथे गणिताच्या पट्ट्याचा खालचा आकडाच 780 च्या घरात असतो. उलट बर्कली, लॉस अँजेलिस धरून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसांवर प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाहीत. यादी तेवढीच असेल तर क्लासवाल्याला पैसे देऊन काय साधणार?

आकडा ठरला की तो फोडायचा. गणिताचे 800 आणि वाचन-लेखनाचे 800. आपल्याकडची विज्ञान शाखेची मुलं गणितात 750 च्या पुढे जातात आणि वाचनात 620 वर अडकतात, हे मी इथल्या ओळखीच्या घरांतही पाहिलंय. 1450 हवे असतील तर गणिताचे आणखी सराव पेपर सोडवून ते येणार नाहीत. तिथे रोज इंग्रजी वाचनच करावं लागतं. शिवाय बरीच कॉलेजं वेगवेगळ्या वेळच्या परीक्षांतून प्रत्येक विभागाचा सर्वांत चांगला गुण उचलतात, तेव्हा दुसऱ्यांदा बसताना एकाच विभागावर जोर द्यायला हरकत नाही.

वेळेचंही बघा. लवकरचे अर्ज बहुतेक 1 नोव्हेंबरला बंद होतात. ऑगस्टची परीक्षा कधीकधी चवथीला गणपतीवर माटोळी बांधायच्या धांदलीला लागूनच येते, त्यामुळे अकरावी संपल्यावर मे किंवा जूनमध्ये पहिल्यांदा बसलेलं बरं.

यंदा मावसबहिणीच्या मुलीला 1490 पडले. आईला आता 1550 हवेत, शेजारच्या मुलाला तेवढे आहेत म्हणून. मी यादी मागवली. एक कॉलेज सोडलं तर सगळीकडे वरचा आकडा 1490 च्या आत. "मग आता काय करू गो?" म्हणाली. म्हटलं, सॅटचं पुस्तक कपाटात ठेव आणि तिला निबंध लिहायला बसव, अजून एकही झालेला नाही.