पंचवीसमधला पाच आधी ऐकू येतो

डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची आमची आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, गेल्या आठवड्यात संपली. पुण्यात पर्वतीच्या बाजूला असलेल्या महापालिकेच्या एका मराठी शाळेत मी दुसरीच्या वर्गावर होते. तिथे घेतलेल्या पाठांपैकी गणिताच्या काही पाठांनी मला फार छळले, आणि त्यांच्याविषयी टाचणवहीत, म्हणजे पाठाचे नियोजन लिहायच्या वहीत, जे लिहिता आले नाही ते इथे लिहून ठेवते आहे. टाचणवहीला रकाने असतात. हेतुकथन, विषयविवेचन, दृढीकरण, स्वाध्याय असे सगळे त्यांत ओळीने बसते आणि न बसणारे बाहेर राहते.

माझा पहिला निरीक्षणाचा पाठ ‘दोन अंकी संख्यांचे वाचन व लेखन’ हा होता. आदल्या रात्री मी आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधले, सुट्या काड्या वेगळ्या डब्यात भरल्या आणि तक्ता रंगवला. पाठ छान झाला, निदान मला तसे वाटले. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या उचलून दाखवल्या की सगळा वर्ग एका सुरात ‘पंचवीस’ म्हणत होता, ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो ताई’ असे उत्तर येत होते, आणि निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापिकांनी ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य, साहित्याचा वापर योग्य’ असा शेरा दिला. (वर्गशिक्षिकांना मुले ‘बाई’ म्हणत आणि मला ‘ताई’. डी.एड.वाल्या मुलींना वर्षानुवर्षे हेच संबोधन आहे, असे बाईंनी सांगितले.) शेवटची पाच मिनिटे उरली म्हणून मी पाट्यांवर श्रुतलेखन घेतले आणि पहिलीच संख्या सांगितली, पंचवीस. सव्वीस मुलांपैकी अकरा जणांच्या पाटीवर ५२ होते आणि एकीच्या पाटीवर २०५. निरीक्षक तोवर निघून गेल्या होत्या, हे माझे नशीब.

त्या दिवशी टाचणाच्या शेवटी आत्मपरीक्षणाच्या रकान्यात मी ‘काही विद्यार्थी लक्ष देत नाहीत, सरावाची गरज’ असे वाक्य लिहिले. आत्मपरीक्षणाच्या जागी मुलांचे परीक्षण लिहिले, हे माझ्या लक्षातही आले नाही.

चार दिवसांनी वर्गात दुकान मांडले. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत नाणी-नोटांची चित्रे असतात, तशाच नोटा आम्ही कागदावर काढून कापल्या होत्या. दुकानात पेन्सिली, खोडरबर, चिंचेच्या गोळ्या आणि एक जुनी पाण्याची बाटली असा माल होता. बाटलीची किंमत मी तोंडी सांगितली, पंचवीस रुपये. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा पुढे आला. त्याची आई दांडेकर पुलाजवळ भाजी विकते आणि संध्याकाळी तोही तिच्याजवळ बसतो. त्याने दहाच्या दोन नोटा आणि पाचाचे नाणे माझ्या हातावर ठेवले. मग मी गिऱ्हाईक झाले आणि त्याच बाटलीसाठी मुद्दाम पन्नासची नोट पुढे करून ‘उरलेले परत दे’ म्हटले, तर त्याने क्षणभरही न थांबता पंचवीस रुपये परत केले आणि ‘बरोबर आहेत, मोजून घ्या’ असे गिऱ्हाइकाला बजावावे तसे मला बजावले. मग मी त्याला बाटलीवर किमतीची चिठ्ठी चिकटवायला सांगितली. त्याने ठळक अक्षरात लिहिले, ५२.

हा मुलगा पंचवीस ओळखत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? पंचवीस म्हणजे किती, त्यात दहा किती वेळा येतात, पन्नासातून तेवढे गेले तर काय उरते, हे त्याला माझ्या काड्यांच्या गठ्ठ्यांच्या कितीतरी आधी माहीत होते. चूक संख्येच्या समजेत नव्हती. ती कानातून हातात उतरताना होत होती. पहिल्या पाठात मी ज्या अकरा पाट्यांवर लाल खडूने फुल्या मारल्या, त्यांतल्या किती पाट्या अशाच होत्या, हे आता कळण्याचा मार्ग नाही, कारण पाट्या पुसल्या गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी श्रुतलेखनाच्या वेळी टेबलाजवळ उभी राहणे सोडले आणि जमिनीवर एकेका मुलाशेजारी बसून त्याचा हात पाहू लागले. ‘पंचवीस’ म्हटल्यावर ‘पंच’ ऐकताच बहुतेकांचा हात ५ काढतो आणि ‘वीस’ ऐकल्यावर त्याच्या उजवीकडे २ काढतो. तो झाला ५२. काही मुले पूर्ण शब्द ऐकून थांबतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि मग २ पासून सुरुवात करतात. तिसरा प्रकार पाहून मात्र मी चकित झाले. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने आधी पाटीच्या मध्यावर ५ काढला, त्याच्या डावीकडे बोटभर जागा सोडलेली होती, आणि ‘वीस’ म्हटल्यावर त्या जागेत २ नेऊन बसवला. पाटीवर उत्तर २५ असे अगदी बरोबर. माझ्या पहिल्या पाठात ती बरोबर असलेल्यांत मोजली गेली होती. पुढे शंभराच्या वरच्या संख्या आल्यावर ‘एकशे पंचवीस’ लिहिताना तिने १ काढला, जागा सोडली, ५ काढला आणि मग मागे येऊन मधला २ भरला. अशाने तिचा हात दमणार, आणि मोबाइलवर आकडे दाबायची वेळ आली तर ही युक्ती चालणारच नाही.

असे शेजारी बसून पाहणे मला जमले, कारण मी वर्गातली जादा व्यक्ती होते. बाईंच्या वर्गात त्याच महिन्यात तिसरीची मुलेही बसत होती आणि शिवाय मतदार याद्यांचे काम त्यांच्या डोक्यावर होते. त्यांनी सव्वीस हात कधी पाहायचे?

दोष मराठीचा आहे का, असा प्रश्न मनात आला आणि मी वहीच्या मागच्या पानावर एक ते शंभर शब्दांत लिहून काढले. दुसरीनंतर हे काम मी पहिल्यांदाच करत होते. एकट्या ‘दोन’ची रूपे पाहा. बावीसमध्ये तो ‘बा’ आहे, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’, पुन्हा बावन्न आणि बासष्टमध्ये ‘बा’, आणि ब्याऐंशी, ब्याण्णवमध्ये ‘ब्या’. दशकांचीही तीच गत. पन्नासचे बावन्नमध्ये ‘वन्न’ होते, पण लगेच पुढे त्रेपन्नमध्ये ‘पन्न’. साठचे ‘सष्ट’ होते, सत्तरचे ‘हत्तर’. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दशकांची नावे पाठ झाली की पुढचे सगळे आपोआप जुळते. मराठीत मात्र जवळजवळ शंभर शब्द सुटे-सुटे पाठ करावे लागतात. त्यात एकवीसपासून पुढे एकक आधी बोलायचा आणि लिहिताना मात्र दशक आधी. आपण हे कधी शिकलो ते आठवत नाही, म्हणून ते सोपे वाटते.

२०१९ साली दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यांची नावे आली, तेव्हा मी नववीत होते. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर, वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून त्यामागची कारणे शांतपणे सांगत होत्या; इकडे आमच्या घरी काका जेवताना ‘मला पोळ्या वीस दोन वाढा’ म्हणून सगळ्यांना हसवत होते. मीही हसले होते. विधानसभेतही त्यावरून कोट्या झाल्या. मराठी बुडाली, पाढ्यांची लय गेली, असे बरेच काही बोलले गेले, पण सात वर्षांच्या मुलाच्या पाटीवर ५२ का येतात याबद्दल त्या गदारोळात मी काही ऐकल्याचे आठवत नाही. आता दुसरीच्या वर्गात सहा आठवडे काढल्यावर मला काकांचा तो विनोद आठवला की ओशाळल्यासारखे होते.

म्हणून मी ‘वीस पाच’ करून पाहिले. त्याचा सर्वांत सोपा अर्थ कळला तो वर्गातल्या एका मुलीला, जिचे आईवडील कलबुर्गीकडून बांधकामावर कामाला आले आहेत. एरवी गणिताच्या तासाला गप्प बसणारी ही मुलगी ‘वीस एक, वीस दोन’ ऐकताच एकदम म्हणाली, “ताई, आमच्यात पण असंच असतंय. इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु.” कन्नडमध्ये वीस आधी आणि एक नंतर. म्हणजे तिच्या घरची भाषा लिहिण्याच्या क्रमाने चालत होती, आणि शाळेची मराठी तिला उलटे चालायला लावत होती. मी तिला फळ्याजवळ बोलावले आणि तिने एकवीस ते तीस कन्नडमध्ये म्हटले, वर्गाने मागोमाग म्हटले. त्या दिवशीच्या टाचणात हा भाग नव्हता.

पण इथेच मी जरा घाईने खूश झाले. ‘वीस पाच’ म्हटल्यावर ५२ लिहिणारे कमी झाले हे खरे, मात्र २०५ लिहिणारे वाढले. वीस ऐकले की २०, पाच ऐकले की ५, दोन्ही शेजारी-शेजारी. मुलांच्या बाजूने पाहिले तर यात काय चुकले? पहिल्या दिवशीची ती एकटी २०५ लिहिणारी मुलगी तेव्हाच हे करत होती. तेव्हा नाव बदलल्याने अडचण मिटत नाही, ती दुसऱ्या जागी जाते, एवढे मला माझ्यापुरते पटले. दोन्ही नावे चालू ठेवावीत, पण कोणतेही नाव घेताना हाताला दिसेल असे काहीतरी समोर हवे, असे माझे सध्याचे मत आहे.

ते ‘काहीतरी’ बाईंनी दिले. त्यांच्या कपाटात पूर्वीच्या कुठल्याशा प्रशिक्षणातली कार्डे होती, अर्धी फाटलेली. अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीट आणून मी तसाच नवा संच केला. १० ते ९० ही दशकांची नऊ कार्डे रुंद, आणि १ ते ९ ही एककांची कार्डे बरोबर निम्म्या रुंदीची. २० चे कार्ड ठेवायचे आणि त्याच्या शून्यावर ५ चे कार्ड झाकण ठेवावे तसे ठेवायचे, की २५ दिसतात. शून्य कुठे गेले, असे विचारले की मुले ५ चे कार्ड उचलून खालचे शून्य दाखवतात आणि पुन्हा झाकतात. हे झाकणे-उघडणे त्यांना इतके आवडले की मधल्या सुट्टीत डबा खातानाही चालू असे, आणि ७० च्या कार्डावर भाजीचा पिवळा डाग पडला तो कायमचा. २०५ लिहिणारी मुलगी तीन दिवसांनी स्वतःच म्हणाली, “झाकायचं राहिलं होतं.” तिला यापेक्षा नेमके समजावणे मला जमले नसते.

याच्या जोडीला रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून दोन रंगांचे मणी आणून शंभर मण्यांची माळ केली, दहा लाल, दहा पांढरे अशी. तिच्यावर मुले मोजत, उड्या मारत, पण तिचा उपयोग मला पुढे ‘एकोण’साठी झाला.

लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. त्यात दुसरीच्या अखेरीस मुलाला ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात अशी अपेक्षा आहे. कॉलेजमध्ये हे वाचताना ९९ कुठल्या कुठे मागे पडल्यासारखे वाटते. वर्गात मात्र एकट्या एकोणचाळीसाने आमचा एक आठवडा खाल्ला. ‘चाळीस’ ऐकू येते म्हणून मुले ४ लिहितात आणि ‘एकोण’ ऐकून नऊ आठवतो म्हणून ४९ करतात; ‘एक’ तेवढे ऐकणारी ४१ करतात. मी माळेवर चाळिसाव्या मण्यापाशी चिमटा लावला आणि ‘एकोण म्हणजे एक उणा’ असे म्हणत चिमटा एक मणी मागे आणला. मग तीस, पन्नास, साठ असे प्रत्येकाचे करून पाहिले. ‘उणा’ हा शब्द त्यांना नवा होता. भाजीवाल्या आईच्या मुलाने त्याचे ‘एक कमी दिला’ असे भाषांतर करून वर्गाला सांगितले.

शेवटच्या शुक्रवारी माळेवर एकोणऐंशी झाले, एकोणनव्वद झाले. चिमटा शंभराव्या मण्यावर नेला आणि एक मणी मागे आणला. सगळे ‘नव्व्याण्णव’ म्हणाले. तोच मुलगा गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “ताई, मग याला एकोणशंभर का नाही म्हणत?”

मी त्याला उद्या सांगते म्हटले. घरी येऊन आजोबांचे संस्कृतचे जुने पुस्तक काढले. संस्कृतात नवनवति आणि एकोनशत असे दोन्ही शब्द चालतात. आपले नव्व्याण्णव हे नवनवतिवरून आले आणि दुसरे मागे राहिले. शनिवारी मी हे त्याला जसे जमले तसे सांगितले: जुन्या काळी तू म्हणतोस तेही नाव होते. त्याने ते अजिबात आश्चर्य न दाखवता ऐकून घेतले, आणि त्यानंतर शाळा सुटेपर्यंत माळ मोजताना अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर, शंभर असेच म्हणत राहिला. दुपारपर्यंत निम्मा वर्ग तसेच म्हणू लागला होता. सोमवारपासून हा वर्ग पुन्हा बाईंकडे जाणार होता, म्हणून निघताना मी कार्डांचा संच आणि माळ त्यांच्या कपाटात ठेवली आणि एकोणशंभरची कल्पना त्यांना आधीच देऊन ठेवली.