धुकं जुळलं! ('इन्सोम्निया' ९७ विरुद्ध ०२, पुढची नोंद)

मंडळी, गायब झालेली चार मिनिटं सापडली. ती कुणी कापलेलीच नव्हती.

नव्यांसाठी: १९९७ चा मूळ नॉर्वेजियन 'इन्सोम्निया' आणि ख्रिस्तोफर नोलननं २००२ मध्ये केलेला त्याचा रिमेक, या दोहोंतला धुक्यातल्या गोळीचा प्रसंग मी शॉटगणिक ताडून बघतोय. ज्यांनी मागच्या नोंदी वाचल्यात त्यांना गाडी कुठं अडली होती ते माहीत आहे. शोल्डब्यार्गच्या मूळ नॉर्वेजियन 'इन्सोम्निया'ची शॉट-यादी (कोणता शॉट कितव्या मिनिटाला) मी जुन्या युरोपियन डीव्हीडीवरून केली. नंतर क्रायटेरियन कंपनीची ब्लू-रे हाताला लागली, चित्र कितीतरी स्वच्छ, म्हणून यादीतल्या खुणा तिच्यावर बसवायला घेतल्या. सुरुवातीला बसल्या. मग घसरायला लागल्या. समुद्राकाठच्या खोपट्याला पोलिसांचा वेढा पडेपर्यंत यादी म्हणणार 'गोळी', आणि पडद्यावर मंडळी अजून झाडाझुडपांत दबा धरून बसलेली. डीव्हीडीच्या वेष्टनावर ९७ मिनिटं छापलंय, चकती संपते ९३ व्या मिनिटाला. साहजिकच सगळ्यांचा संशय कात्रीवर. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या रविवारच्या बैठकीत तर कोणते प्रसंग उडवले असतील याची यादीही तयार झाली (तपासाला आलेला पोलीस एंग्स्ट्रॉम आणि हॉटेलातली ती मुलगी, हा प्रसंग सगळ्यांत वर). मी दोन्ही प्रती प्रसंगागणिक ताडून पाहिल्या. एकही प्रसंग कमी नाही, आणि तरी चार मिनिटं कमी!

सोडवलं कुणी, तर सिनेमाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसानं. मिरजेचे आमचे एक काका तंबोरे करतात. वेगळ्याच कामासाठी घरी आले होते, मी शेजारच्या खोलीत आधी ब्लू-रे आणि मग डीव्हीडी लावून तोच तुकडा ऐकत होतो. संवाद नसलेला, नुसता मागचा लांबच लांब सूर. चहा पिता पिता काका म्हणाले, "अरे, मघाशी षड्ज खाली होता की. आता का चढवलास?" मी म्हटलं, काका, तेच आहे, प्रत वेगळी. त्यांनी परत दोन्ही लावायला सांगितले, डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला: "मघाची पांढरी एक धर. हे काळी एकच्या अलीकडं थांबतंय. पाऊण अंतर." (पेटीवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या, मधलं अंतर अर्ध्या स्वराचं.)

डीव्हीडीच्या जमान्यातले लोक इथं कपाळावर हात मारतील. पाल (PAL), युरोपातली टीव्ही पद्धत! सिनेमा चित्रित होतो सेकंदाला २४ फ्रेमनं, ही पद्धत २५ ची. मधली एक फ्रेम आणणार कुठून? म्हणून अख्खा सिनेमाच २५ च्या वेगानं पळवतात. मूळ मिनिटामागे २.४ सेकंद वाचतात, अर्ध्या तासात ७२ सेकंद, ९७ मिनिटांचे ९३. आवाजही त्याच वेगानं पळतो, म्हणून सूर अर्ध्या स्वराला थोडा कमी इतका चढतो. काकांचं पाऊण अंतर कागदावर मांडलं तर ०.७ येतं. कानाला सलाम.

(तो सूर कुणाचा, हेही सांगून टाकतो. संगीत गाइर येन्सनचं, म्हणजे 'बायोस्फिअर'चं. हा माणूस खुद्द ट्रॉम्सोचा, सिनेमा घडतो त्याच गावचा. काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "जवारी (तंबोऱ्याच्या तारेचा गुंजता नाद) बरी आहे." इतकी स्तुती ते सहसा करत नाहीत.)

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी: एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र २५/२४ पट ताणा. आवाजाला नुसतं 'एटेम्पो' हे वेग बदलणारं फिल्टर ०.९६ दिलं तर वेग उतरतो, पट्टी चढलेलीच राहते. त्यापेक्षा ४८००० चा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४६०८० समजून वाचायला लावा आणि मग परत ४८००० वर आणा. वेग आणि पट्टी एकदमच खाली येतात. आणि शॉट मोजायला व्हीएलसी हा प्लेअर वापरणाऱ्यांनी एकदा एमपीव्ही हा दुसरा प्लेअर लावून बघा. स्वल्पविरामाच्या कळीनं एकेक फ्रेम मागं जाता येतं. माझ्या व्हीएलसीत पुढं जाता येतं, मागं नाही, आणि कट नेमका कुठं पडला ते मागं गेल्याशिवाय ठरत नाही. डीव्हीडी विकणाऱ्यानं मात्र मी विचारलं तेव्हा 'सगळीकडं चालते' एवढंच सांगितलं होतं. चालते, नव्हे, पळते.

तर आता धुकं. मूळ सिनेमाचा सरासरी शॉट कागदावर दिसत होता त्यापेक्षा चार टक्क्यांनी लांब निघाला, म्हणजे नोलनच्या मानानं तो आणखी संथ. पण दोन्ही प्रसंग एकाखाली एक लावून बघितल्यावर माझं लक्ष लांबीवरून उडालंच. सांगाडा जवळपास तोच: खुन्याला सापळा, खोपट्यातून भुयारी वाट, एक स्थानिक पोलीस जखमी, पांढऱ्या पडद्यात एक आकृती, गोळी, आणि पडलेला माणूस आपलाच जोडीदार. फरक धुक्यात शिरायच्या आधीच पडून गेलेला असतो.

स्कार्सगार्डचा एंग्स्ट्रॉम त्या धुक्यात कसलंच वैर घेऊन जात नाही. जोडीदार विकशी त्याचं भांडण नाही. चूक होते, आणि लगेच खोटं. त्या खोट्याचं कारण किती क्षुल्लक बघा: नॉर्वेचे पोलीस तेव्हा एरवी हत्यार बाळगत नसत, हा स्वीडनचा गडी पिस्तूल घेऊन आलेला. नोलनकडं पचिनोच्या डॉर्मरचं तसं नाही. आदल्या प्रसंगात हॉटेलात जेवताना त्याचा जोडीदार हॅप त्याला सांगून बसलाय की मी अंतर्गत चौकशीवाल्यांशी बोलणार, म्हणजे डॉर्मरची जुनी लबाडी उघडी पडणार. म्हणजे आपण प्रेक्षक धुक्यात हेतू खिशात घालूनच शिरतो. वर मरता मरता हॅप त्याच्यावर आरोपही करतो.

बैठकीतल्या वकीलसाहेबांनी हे त्यांच्या भाषेत मांडलं: एंग्स्ट्रॉम भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये (निष्काळजीपणानं मृत्यू) बसेल, डॉर्मरला सरकारी वकील १०३ मध्ये (खून) ओढेल, आणि पुरावा नाहीसा केल्याचं २३८ दोघांनाही चुकत नाही.

मला वाटतं, नोलनला हा हेतू महागात पडलाय. नायकावर इतका दाट संशय टाकल्यावर त्याला पुढं सावरत बसावं लागतं. मूळ सिनेमात पुराव्यातली गोळी बदलायला दुसरी गोळी मिळावी म्हणून एंग्स्ट्रॉम गल्लीतलं जिवंत कुत्रं मारतो. डॉर्मरला कुत्रं आधीच मेलेलं मिळतं. डॉर्मरनं पूर्वी खोटा पुरावा पेरला, तोही लहान मुलाचा जीव घेणाऱ्याला अडकवायला. हॉटेलवालीपाशी कबुली आहे, शेवटी मरण आहे, आणि मरताना तरुण पोलीस एलीला सरळ वाटेवर ठेवणंही आहे. एंग्स्ट्रॉम मात्र जिवंत सुटून गाडीतून निघून जातो. मला तो जास्त भयंकर वाटतो. एली झालेली हिलरी स्वॅंक आणि खुनी झालेला रॉबिन विल्यम्स यांच्या चाहत्यांनी रागावू नये. विल्यम्स या सिनेमात मला पचिनोपेक्षा सरस वाटला, पण ती वेगळी नोंद.

हे लिहितानाच ठरलं: शॉटच्या लांबीचा तक्ता बाजूला ठेवतोय. त्याऐवजी नवा रकाना, 'या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे'. आणि नोलनची मोजणी खोपट्यापासून धरायची नाही, जेवणाच्या टेबलापासून धरायची. तिथं आमच्यात वाद होईल. व्हावा.

नकाशावाल्या मित्रानं काढलेली एक गंमत: ट्रॉम्सो आर्क्टिक वर्तुळाच्या वर आहे, तिथं साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य खरंच मावळत नाही. रिमेकमधलं नाईटम्यूटही अलास्कात खरोखरचं गाव आहे, पण ते आहे साधारण साडेसाठ अंशांवर. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतो. म्हणजे पचिनोला थोडी झोप मिळायला हरकत नव्हती.

पुढचं काम म्हणून शेवटाचे दोन प्रसंग घेणार होतो. आता आधी कुत्रं, कारण नव्या रकान्याची खरी परीक्षा तिथं आहे. आणखी एक डोक्यात आलंय: थंडीत हरिपूरला संगमावर पहाटे धुकं उतरतं. एकानं नदीकडं चालत जायचं, दुसऱ्यानं मोबाईलवर चित्रण करायचं, आणि किती पावलांवर माणूस ओळखू येईनासा होतो ते टेपनं मोजायचं. 'मला दिसलंच नाही' हा दोघांचा बचाव कितपत टिकतो ते कळेल. वकीलसाहेब चालायला तयार आहेत, टेप माझ्याकडं आहे. पहाटे पाचला उठणारा कॅमेरावाला हवाय. सांगली-मिरजेतल्या कुणीही कळवा.